येळवशीचा डबा

त्या हॉटेलात खोल्या सातच होत्या. खोल्या म्हणजे सुट्या सुट्या झोपड्या, लाकडी खांबांवर उभ्या केलेल्या. वर नारळाच्या झावळ्या, पुढं अरुंद ओटा, आणि ओट्यावरून पाय खाली सोडला की वाळू. अंदमानातल्या एका बेटावर मी आणि बायको चार दिवस तिथं राहिलो. परभणीत ऑफिसात रजा टाकून गेलो होतो. गावात मात्र सांगितलं नव्हतं.

गावात म्हणजे दादाला. माझा थोरला भाऊ. चारठाण्याजवळची आमची जमीन तोच करायचा. मी पाटबंधारे खात्यात चिकटलो, तेव्हापासून बांधावर पाहुण्यासारखाच जायचो.

मी शाळेत असताना दादानं मला येलदरीचं धरण दाखवायला नेलं होतं. भिंतीवर उभं करून म्हणाला, "पलीकडचा काठ दिसतोय का? मग ह्यो समुद्र न्हाई. समुद्राला पलीकडं काठ नसतोय म्हणं. तू कमवायला लागलास की मला दाखव." मी हो म्हणालो. पुढं दर दिवाळीला तो वहिनीसमोर मला टोचायचा, "काय साहेब, माझा समुद्र आटला का?"

पैसे होते. बायकोनंही म्हटलं होतं, दादा-वहिनींना घेऊन जाऊ. मीच नको म्हणालो. दादा चहाचा भुरका मारायचा. धोतर गुडघ्याच्या वर ओढून कुठंही बसायचा. फोनवर बोलला की चार घरं ऐकायची. विमानात, हॉटेलात लोक बघतील, असं माझ्या मनात आलं. मला दादाची लाज वाटत होती. हे एवढं वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

आणि तिथं गेलो तर हॉटेलचा मालक लुंगी नेसलेला, उघडाबंब, पाय वाळूनं माखलेले. बंगाली म्हातारा. झोपड्यांच्या मागंच त्याचे कोबीचे वाफे होते. भुरके मारत चहा प्यायचा. पहिल्याच संध्याकाळी त्यानं विचारलं, "आपके उधर मिट्टी कैसी है?"

"काली."

"कितनी गहरी?"

मला सांगता आलं नाही. दादानं हात कोपरापर्यंत दाखवून सांगितलं असतं, आणि मग दोघं वाफ्यात उकिडवे बसून अंधार पडेपर्यंत उठले नसते. प्रवासासाठी घेतलेल्या नव्या अर्ध्या चड्डीत, पांढरे पाय घेऊन मीच तिथं विजोड दिसत होतो. ओट्यावर माझ्या शेजारची वेताची खुर्ची चारही दिवस रिकामी होती. बायको वाळूत हिंडायची. मी त्या खुर्चीकडं बघायचं टाळायचो.

तिसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा खुर्च्या उचलून वर ठेवत होता. म्हणाला, "आज अमावस है. पानी सीढ़ी तक आयेगा."

अमावस्या. मार्गशीर्षातली. मी रजा बघून तिकिटं काढली होती, तिथी बघितलीच नव्हती. ती येळवस होती.

आमचे आजोबा लातूरकडून आलेले, त्यामुळं आमच्या शिवारात येळवस करणारं आमचं एकच घर. त्या दिवशी शेतात कडब्याची कोपी उभी करायची, कडधान्यं आणि पालेभाज्यांची भज्जी, ज्वारीचे उंडे, मडक्यात ताकातली अंबील. नैवेद्य झाला की थोरला भाऊ डहाळीनं रानाच्या चारी बाजूंना अंबील शिंपडत पुढं चालतो, धाकटा मडकं घेऊन मागं. धाकटा म्हणजे मी.

फोन वाजला.

"निघालास का न्हाई? कोपी कवाच बांधून झाली."

"दादा, जमत न्हाई रे. अचानक ड्यूटी लागली."

"सणाच्या दिवशी? आन् ह्यो आवाज कसला यायलाय?"

लाट पायरीवर फुटत होती.

"येलदरीला हाय. पाणी सोडायलेत."

"येलदरीला? मग लय लांब न्हाई की. बरं, कर काम."

परतल्यावर पुढच्या रविवारी गावी गेलो. वहिनीनं दारातच धरलं. "काय भाऊजी, सणाचं जेवण आता धरणावर मागवता व्हय? ह्यांनी नैवेद्य झाला की डबा बांधायला लावला. सोता घास खाल्ला न्हाई. म्हणले, त्याच्या संगं खातो. फटफटी काढली की गेले. भज्जी कशी झालती?"

दादा ओट्यावर दोरी वळत होता. मान वर न करता म्हणाला, "सांगितलं की तुला. दोन उंडे जास्तीचे खाल्ले त्यानं."

मी म्हणालो, "व्हय वहिनी, झकास झालती."

त्यानं धरणावरच्या विश्रामगृहात माझी चौकशी केली असणार. चौकीदारानं साहेब आलेच नाहीत म्हणून सांगितलं असणार. त्यानं मला कधीच काही विचारलं नाही. फक्त त्यानंतर कुठल्याच दिवाळीला माझा समुद्र आटला का, असं म्हणाला नाही. मीही 'दादा, चल' म्हणू शकलो नाही, कारण समुद्राचा विषय काढला की येलदरी निघाली असती.

दादा जाऊन तीन वर्षं झाली. यंदा येळवशीला मी डहाळी घेऊन पुढं आणि मडकं घेऊन मागं वहिनी. तिसऱ्या बांधावर ती दरवर्षीसारखी सुरू झाली, "तुमाला येलदरीला डबा..."

"वहिनी, मी त्या दिवशी येलदरीला नव्हतो."

"मग कुठं होता?"

"समुद्रावर."

ती थांबली. "डबा तर रिकामा आलता. धुऊन आणलेला. मग खाल्ला कुणी?"

"मला म्हाईत न्हाई."

ती म्हणाली, "आल्यावर जेवले न्हाईत. म्हणले, पोट भरलंय." पदरानं मडक्याचा काठ पुसला. "लय वाईट केलंत भाऊजी."

दोघांचा डबा पुढ्यात घेऊन, पलीकडचा काठ बघत बसलेला दादा मला दिसत होता.

"चला," ती म्हणाली, "एक बाजू ऱ्हायलीय अजून." आणि डहाळी बुडवायला तिनं मडकं माझ्यापुढं धरलं.