कोल्बी पास झाला

ओलेटा डिंगेस खोटं बोलण्यात अगदी कच्ची होती, हे आमच्या खोऱ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. शाळेच्या स्वयंपाकघरात तिचा निम्मा जन्म गेला. एखादं पोर पिझ्झाचा दुसरा तुकडा मागायला आलं की "संपलं" म्हणताना हिचेच कान लाल व्हायचे, आणि तुकडा पोराच्या ताटात पडायचा. अशी ही बाई आयुष्यात एकदाच नेटाने, आठवडेच्या आठवडे तयारी करून खोटं बोलली, आणि नेमकं तेच पचलं.

वेस्ट व्हर्जिनियाच्या आमच्या भागात खाणी बंद पडल्यापासून दोनच धंदे उरलेत. नशेच्या गोळ्या विकणं आणि त्या गोळ्या खाणाऱ्यांची पोरं सांभाळणं. दुसरा धंदा आज्यांकडे असतो. ओलेटाच्या मुलीने, टॉनयाने, आपलं तान्हं पोर एका सकाळी आईच्या सोफ्यावर ठेवलं आणि "दुकानातून आलेच" म्हणून जी गेली, ती अजून यायची आहे. पोराचं नाव कोल्बी. ओलेटाने नोकरी सोडली, शेजारणीकडून पाळणा आणला आणि साठी जवळ आलेली असताना पुन्हा आई झाली. हे सगळं तोंडी. कोर्टाचा कागद नाही, कुणाची सही नाही. मूल तिचं होतं ते फक्त तिच्या कडेवर होतं म्हणून.

पोर भलतंच गुणी. शेजारी कुत्री भुंकोत, ओलेटा झाडू-यंत्र फिरवो, हा गाढ झोपलेला. चर्चमधल्या बायका म्हणायच्या, "ओलेटा, तुला देवाने पोर नाही, प्रसाद दिलाय गं!" ओलेटा हसायची. मात्र तिचा भाऊ डेल्मर, खाणीत फुप्फुसं घालवून आता पलीकडच्या ट्रेलर-घरात खोकत बसलेला, त्याला हे गुणी असणं पटत नव्हतं.

"तू हाका मारून घसा फोडतेस, तर हा ढिम्म," तो एकदा म्हणाला. "आणि मी दारातून पाय आत टाकला की लगेच वळून बघतो."

"तू चालतोसच तसा. अख्खं घर हलतं."

"तेच म्हणतोय मी. हलतं म्हणून बघतो. ऐकू येतं म्हणून नाही."

"तोंड धू आधी," ओलेटा म्हणाली, आणि त्याच्यासमोर घेवड्याची उसळ आणि मक्याची भाकरी आदळली.

तिला कळत नव्हतं असं मुळीच नाही. कोल्बी जन्मला तेव्हाच इस्पितळाने टॉनयाला बजावलं होतं की कान पुन्हा एकदा तपासायला आणा. टॉनयाने नेलं नाही. ओलेटाने नेलं असतं, पण तिथे पहिला प्रश्न येणार, "आपण मुलाच्या कोण? कागद आहे?" आणि त्या प्रश्नापुढे काय होतं, ते तिने पाहिलं होतं. वरच्या अंगाला राहणाऱ्या रामोना स्टिल्टनरच्या दोन नाती अशाच गेल्या. आधी एक गोड बोलणारी बाई आली, जमिनीवर बसून पोरींशी खेळली, घरातलं सगळं बघून गेली. पुढच्या आठवड्यात सरकारी गाडी आली आणि पोरींना घेऊन गेली. रामोना वर्षभर त्या पोरींचे धुतलेले कपडे दोरीवर वाळत घालत होती.

कोल्बी पावणेदोन वर्षांचा झाला आणि लसीसाठी गावच्या दवाखान्यात न्यावंच लागलं. नर्सने विचारलं, किती शब्द बोलतो? ओलेटा म्हणाली, वीस. नर्सने कोल्बीकडे बघून दोन-चार हाका मारल्या, आणि तीन वर्षांच्या आतल्या मुलांची वाढ तपासायला घरी येणाऱ्या सरकारी बाईंकडे नाव धाडून दिलं. फोन आला, तारीख ठरली. नाही म्हणायचा हक्क ओलेटाला होता, त्या बाईंनी फोनवर तसं सांगितलंही होतं. पण आमच्या खोऱ्यात सरकारला नाही म्हणणारा माणूस काहीतरी लपवतोय असंच धरतात, आणि ती खरंच लपवत होती.

मग तिने पोराची शिकवणी सुरू केली. लाकडी ठोकळे एकावर एक रचायचे, बाहुलीचं नाक दाखवायचं, चमच्याने खायचं. कोल्बीने एकदा पाहिलं की काम झालं. उरला कानाचा प्रश्न. त्यावर तिने एक खेळ काढला. ती त्याच्यासमोर बसायची आणि डोळे डावीकडे फिरवायची. त्यानेही डावीकडे बघितलं की पेपरोनीचा, म्हणजे पिझ्झावरच्या मसालेदार मांसाचा, तुकडा. उजवीकडे, मागे, वर. आठवड्याभरात पोर असं तयार झालं की तिची पापणी जिकडे वळेल तिकडे याची मान वळायची. बोला आता! एवढ्या अकलेचं पोर, आणि त्या अकलेचा उपयोग काय, तर स्वतःचंच दुखणं लपवायला.

केंद्रा मुलिन्स नावाची मुलगी आली. वयाने टॉनयाएवढी, हसतमुख, गाडीच्या दारावर राज्याचा शिक्का. तो शिक्का ओलेटाने लगेच ओळखला. रामोनाच्या दारातल्या गाडीवर हाच होता.

"डिंगेसबाई, घाबरू नका हं. मी फक्त याच्याशी खेळणार," केंद्रा म्हणाली आणि जमिनीवर मांडी ठोकून बसली. रामोनाकडची बाईही अशीच बसून खेळली होती.

ठोकळे झाले, बाहुली झाली. मग केंद्राने कोल्बीच्या पाठीमागे जाऊन हळूच घंटी वाजवली. ओलेटाची नजर डाव्या खांद्यापलीकडे गेली, आणि कोल्बी वळला. उजवीकडे वाजवली. वळला. खुळखुळा, कागदाची कुरकुर, सगळ्याला वळला.

"जन्मताना कान तपासले होते?"

"हो तर. ठणठणीत!" ओलेटा म्हणाली. या वेळी तिचे कान लाल झाले नाहीत.

"आणि बोलतो काय काय?"

"मॅमॉ म्हणतो मला, दूध म्हणतो, कुत्रा म्हणतो. आत्ता लाजतोय तुम्हाला."

केंद्राला कुठेतरी खटकलं असावं, कारण ती जाताना दारात रेंगाळली. "बोलण्यात जरा मागे वाटतो, पण मदत मंजूर व्हावी इतका नाही. बाकी सगळ्यात पास आहे. अडीच वर्षांपर्यंत दोन शब्द जोडले नाहीत तर मला फोन करा. वाट बघत बसू नका हं, डिंगेसबाई. तिसऱ्या वाढदिवसापर्यंतच आम्हाला घरी येता येतं."

गाडी वळणाआड गेल्यावर ओलेटाने कोल्बीला उचलून गच्च धरलं आणि ती आनंदाने रडली. माझा पोरगा पास झाला! त्याला तिने उरलेली सगळी पेपरोनी दिली.

पोर अडीच वर्षांचं झालं. कोल्बीने दोन काय, एकही शब्द काढला नव्हता. हवं ते हाताला धरून दाखवायचा, कळलं नाही तर जमिनीवर डोकं आपटायचा. डेल्मर मागे लागला.

"त्या पोरीला फोन कर, ओलेटा. मुलगे उशिरा बोलतात हे तू कुणाला सांगतेस? मला?"

"फोन करून काय सांगू? की मागच्या वेळी फसवलं तुम्हाला? मग ठेवतील माझ्याकडे?"

"अगं, पण पोराचं..."

"एकदा तीन वर्षांचा होऊ दे. मग त्यांना घरात यायचं कारणच उरणार नाही."

ज्या तारखेला बाकीच्या आया घाबरतात, कारण त्या दिवशी घरी येणारी मदत तुटते, त्या तारखेची ही बाई नाताळसारखी वाट बघत होती. तिसऱ्या वाढदिवसाला तिने दोन थरांचा केक केला, चर्चच्या बायका बोलावल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवून गाणं म्हटलं. कोल्बी एकेकीच्या हलणाऱ्या तोंडाकडे बघत होता. त्या दिवशी ओलेटाइतकं निवांत कुणी नव्हतं. मला त्या केकचा राग येतो, अजून येतो.

चार पूर्ण झाल्यावर तो बालवर्गात गेला, आणि तिथे ओलेटाच्या पापण्या नव्हत्या. बाईंनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं. शहरातल्या डॉक्टरणीने काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि सांगितलं की दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, बहुधा जन्मापासून. ऐकायचं यंत्र बसवू. पण पहिल्या तीन वर्षांत मेंदू भाषेसाठी जागा करत असतो. या मुलाला त्या वर्षांत एकही भाषा मिळाली नाही, तोंडाची नाही आणि हातांचीही नाही.

"वर्षाचा असताना आणला असता तर?" ओलेटाने विचारलं.

"बरंच वेगळं झालं असतं," डॉक्टरीण म्हणाली. खोटं बोलणं तिलाही जमत नसावं.

केंद्रा एकदा दुकानाच्या आवारात भेटली. तिला कळलं होतं. "तुम्ही नुसतं सांगायचं होतं हो मला," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. "आम्ही मुलं नेत नाही. आम्ही वेगळे, नेणारे वेगळे."

"गाडीवर शिक्का तर एकच आहे ना, बाई?" ओलेटा म्हणाली.

दोघींनी आपापल्या पिशव्या गाडीत ठेवल्या.

यंत्राने कोल्बीला आवाज मिळाला, पण त्याचा अर्थ मिळेना. तो यंत्र उपटून फेकायचा. शेवटी सगळ्यांनी एकच सांगितलं, बहिऱ्या मुलांच्या निवासी शाळेत घाला, उशीर झालाय, तिथे दिवसरात्र भाषा मिळेल. शाळा डोंगरापलीकडे, चार-पाच तासांवर. रविवारी बस न्यायची, शुक्रवारी आणायची. कुणी गाडी घेऊन आलं नाही, कुणी हिसकावलं नाही. ओलेटाने स्वतः त्याची बॅग भरली. पहिल्या रविवारी तो तिच्या कोटाला असा लटकला की ड्रायव्हरला एकेक बोट सोडवावं लागलं.

त्याला आता दीड वर्ष झालं. कोल्बी हातांनी भराभर बोलतो, विनोद करतो म्हणतात. शुक्रवारी घरी येतो, मॅमॉला मिठी मारतो, हातांनी काहीबाही सांगू लागतो. ओलेटा गावच्या ग्रंथालयात ती भाषा शिकायला जाते, पण सांधे धरलेल्या तिच्या बोटांना वळण येत नाही. त्याचं पाच मिनिटांचं सांगणं तिला एका शब्दाइतकं कळतं. तो दोनदा सांगतो, तीनदा सांगतो, मग खांदे उडवून टीव्हीसमोर जाऊन बसतो.

रविवारी जेवण झालं की तो न सांगता बूट घालतो, बॅग पाठीला लावतो आणि बस यायला तासभर असतानाच पायरीवर जाऊन बसतो. ओलेटा त्याच्या शेजारी बसते. बस वळणावर दिसली की तो उठून धावतो, आणि हल्ली मागे वळून बघायचं त्याला आठवत नाही.