लाल खुणेचा नळ

नळावरची लाल खूण दिसली की रियाधचा आमचा फ्लॅट आठवतो. उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी इतकी तापायची की निळ्या नळाला कढत पाणी यायचं. म्हणून गीझर बंद ठेवून त्यात निवलेलं पाणी लाल नळाने घ्यायचं, असा घरचा नियम होता. मी सहा वर्षांची होते. आईने चिपळूणहून आणलेलं कढीपत्त्याचं रोप मलूल दिसलं, म्हणून भर दुपारी मी त्याला निळ्या नळाचं मगभर पाणी घातलं. दोन दिवसांत पानं गळाली. “अगं, आधी बोट लावून बघायचं ना,” एवढंच आई म्हणाली, आणि थंडी सुरू होईपर्यंत त्या काडीला लाल नळाचं पाणी घालत राहिली. आता पुण्यात, जानेवारीतसुद्धा, झाडांना पाणी घालण्याआधी मी नळाखाली बोट धरते.