एकोणतीस म्हणजे उजवीकडे

आमच्या होखशूलच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा इतिहास क्लबघराच्या भिंतीवर फ्रेम करून लावला आहे. आमच्या काळाबद्दल त्यात एकच वाक्य आहे: ‘या वर्षांत संघाने एक अपारंपरिक संकेतपद्धती वापरून पाहिली.’ ही अपारंपरिक पद्धती म्हणजे मी. बाकी सगळा इतिहास मला ऐकून माहीत आहे. हा तुकडा मात्र मी चिखलात तोंड घालून अनुभवला आहे.

होखशूल म्हणजे विद्यापीठाची धाकटी, जरा कमी थाटाची बहीण. आमची तर इतकी धाकटी, की कायझर्सलाउटर्नहून रिजनल गाडीने येताना डुलकी लागली तर गाव निघून जायचं. अशा ठिकाणी अमेरिकन फुटबॉल कुठून आला? तर जवळच्या तळावर एक अमेरिकन सैनिक होता. तो इथल्याच एका मुलीच्या प्रेमात पडला, लग्न करून राहिला, होखशूलमध्ये इंग्रजी शिकवू लागला, आणि वर्गातली धिप्पाड पोरं हेरून त्यानं संघ काढला. पहिल्या वर्षी म्हणे हेल्मेटं अर्ध्याच जणांना होती. ज्याला चेंडू मिळण्याची भीती जास्त, त्याला हेल्मेट.

मी गेलो तेव्हा तोच सैनिक, म्हणजे आमचे प्रशिक्षक, निवृत्तीला आले होते आणि जगातल्या प्रत्येक माणसावर संशय घेत होते. फळ्यावर डावपेच काढायच्या आधी पडदे ओढायचे. आकाशात ड्रोन दिसला की सराव थांबायचा. एकदा तो ड्रोन म्हणजे घार निघाली, तरी सराव थांबलेलाच राहिला. मैदानावर काही गुप्त सांगायचं असेल तर तोंडासमोर टोपी धरून बोलायचे, म्हणजे समोरच्यांना ओठ वाचता येऊ नयेत. त्याच मैदानावर साधा फुटबॉल खेळणारे आमच्यावर संशय घ्यायचे, की आम्ही त्यांचं गवत उखडतो. मैदानाची राखण करणारे आजोबा आमच्या बुटांचे खिळे तपासायचे. एकूण या संघाचा इतिहास हा संशयाचाच इतिहास आहे. माझ्या वेळी तो फक्त मराठीत भाषांतरित झाला.

आता मी तिथे कसा पोचलो ते सांगतो. पुण्यातली बरी नोकरी सोडून मास्टर्सला आलो होतो. लॅबमध्ये सगळे हेडफोन लावून. रविवारी गाव असं बंद, की आपण काही चुकीचं केलंय की काय असं वाटावं. माणसं भेटावीत म्हणून खेळात नाव घालायला गेलो. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, कुठला खेळ? मी ऐटीत म्हणालो, “फुटबॉल!”

जर्मनीत आपल्या फुटबॉलला फुसबाल म्हणतात. आणि फुटबॉल म्हटलं की तो अमेरिकन, लंबगोल चेंडूचा, एकमेकांच्या अंगावर धावून जाण्याचा. हे मला कळलं तेव्हा माझ्या खांद्यांवर दोन ताटांएवढे पॅड चढवले गेले होते.

प्रशिक्षकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “पूर्वी खेळलायस?”

“शाळेत कबड्डी,” मी म्हणालो. निदान इथे तरी खरं बोलावं.

पहिल्याच सरावात मी समोरच्या पोराचे पाय अशी काही पकड घालून धरले, की शाळेचे सर असते तर डोळ्यांत पाणी आलं असतं. प्रशिक्षकांच्या डोळ्यांतही आलं. आपल्याकडे चेंडू असताना समोरच्याला धरणं हा तिथे फाऊल. पण एक गुण त्यांनी हेरला. मी तासन्‌तास उकिडवा बसू शकतो. जर्मन पोरांना ते जमत नाही, त्यांच्या टाचाच उचलतात. म्हणून मला ‘सेंटर’ केलं. सेंटरनं रांगेच्या मध्यावर ओणवं व्हायचं आणि पायांमधून चेंडू मागे उभ्या असलेल्या क्वार्टरबॅकला द्यायचा. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा सेनापती. आमचा सेनापती हॅनोव्हरचा, उंच, देखणा पोरगा. वर्षभर त्यानं माझं तोंड कमी आणि पाठ जास्त पाहिली. तरीही त्या गावात माझी पहिली मैत्री त्याच्याशीच झाली. एका मंगळवारी सरावाला न जाता तापानं झोपलो होतो, तर त्याचा फोन आला, “कुठे आहेस?” गावात आल्यापासून मला हे कोणी विचारलं नव्हतं. 

आता ती संकेतपद्धती. प्रत्येक डावाआधी उजवीकडे पळायचं की डावीकडे, हे सगळ्यांना ओरडून सांगावं लागतं, आणि समोरच्यांना तर कळता कामा नये. प्रशिक्षकांचे सगळे संकेत फुटत आले होते. निदान त्यांना तसं वाटत होतं. एकदा मी सरावात दमून स्वतःशीच उठाबशा मोजत होतो, “तेवीस, चोवीस, पंचवीस...” त्यांनी शिट्टी मारली.

“हे काय आहे?”

“आकडे. मराठी.”

“हे इथे कोणाला येतं?”

“मला.”

“आल्झो,” म्हणजे तर मग, ते टोपीआड म्हणाले, “उत्तम.”

गंमत म्हणजे जर्मन पोरांना आपले आकडे चटकन जमले. इंग्रजीत आधी वीस, मग पाच. जर्मनमध्ये मात्र आपल्यासारखंच, पाच आधी आणि वीस मागून. मी सांगितलं, डोकं सोडा, शेपूट ऐका. शेवटी वीस किंवा चाळीस आलं की उजवीकडे, तीस आलं की डावीकडे. चोवीस, सव्वीस, बेचाळीस उजवीकडे. बत्तीस, चौतीस डावीकडे. सेनापती मागून माझ्या कमरेवर उजवीकडे किंवा डावीकडे टिचकी मारणार, मी त्याप्रमाणे आकडा ओरडणार. पहिल्या सरावात मी उत्साहात “एकोणतीस!” ओरडलो आणि सगळा संघ डावीकडे, मी एकटा उजवीकडे.

“तीस म्हणालास ना?” सेनापती चिखलातून म्हणाला.

“एकोणतीस. म्हणजे तीसला एक कमी. म्हणजे वीसच्या घरातला.”

“मग तीस कशाला म्हणता?”

तुम्हाला ठाऊक असेल तर मला कळवा. प्रशिक्षकांनी या आकड्यांना ‘ल्यूगनत्सालेन’ म्हणजे खोटारडे आकडे असं नाव दिलं आणि त्यांच्यावर बंदी घातली.

पुढचे सामने आम्ही जिंकलो. समोरचे पोरगे भांबावून बघत राहायचे. मी ओणवा होऊन “अठ्ठावीस” म्हणालो की मला उगाच वाटायचं, आपण कुठलातरी किल्ला लढवतोय.

मग बॉबलिंगेनकडच्या एका होखशूलचा संघ आला. पहिले काही डाव ठीक गेले. मग मी म्हणालो, “चोवीस!” आणि चेंडू माझ्या हातातून सुटायच्या आत त्यांची अख्खी फळी आमच्या उजव्या बाजूला जाऊन उभी. “बत्तीस!” सगळे डावीकडे. “सत्तावीस!” परत उजवीकडे, जणू मी त्यांचाच कवायतमास्तर. आम्ही असे हरलो, की मैदानाच्या आजोबांनी त्या दिवशी बुटांचे खिळेसुद्धा तपासले नाहीत.

कपडे बदलायच्या खोलीत सगळे बुटांचा चिखल खरवडत होते. प्रशिक्षक माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“त्या मैदानावर ही भाषा किती जणांना येत होती?”

“एकाला,” मी म्हणालो.

“गेनाऊ.”

गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. तर्क बिनचूक होता. मी स्वतः आरोपी नसतो तर टाळ्या वाजवल्या असत्या.

“परतीचा सामना त्यांच्या गावात आहे,” ते म्हणाले. “तू खेळशील. पुन्हा असं झालं, तर हेल्मेट बाकावर ठेवायचं आणि परत यायचं नाही.” हे ते टोपी न धरता, उघड्या तोंडानं म्हणाले. त्या दिवसापासून माझ्याशी ते उघड्या तोंडानंच बोलू लागले. इतरांना माझ्यावर संशय आहे हे मला त्यांच्या नजरेवरून कळत होतं. पण आपण परके झालो हे त्या न धरलेल्या टोपीनं कळवलं.

मग मीही संशय घ्यायला लागलो. सेनापतीची मैत्रीण बॉबलिंगेनजवळची होती, तिच्यावर घेतला. आजोबांवर घेतला. प्रशिक्षकांवरही घेतला, निवृत्तीआधी संघ बुडवून जायचा त्यांचा बेत असेल. शेवटी स्वतःवर घेतला, की मी झोपेत आकडे बडबडतो का? फोन उशाशी ठेवून रात्रभर रेकॉर्डिंग लावलं. सकाळी ऐकलं तर नुसतं घोरणं. त्यातही मी काही लय सापडते का ते पाहिलं. मंगळवारी सरावाला गेलो की पोरं बोलणं थांबवायची. सेनापती टिचकीसुद्धा अशी मारायचा, जणू माझ्या कमरेवर धूळ बसलीय.

परतीच्या सामन्यात पुन्हा तेच सुरू झालं. पण या वेळी मी चेंडूकडे कमी आणि समोर जास्त पाहत होतो. त्यांच्या फळीच्या मागे, बरोबर माझ्यासमोर, एक बुटका, चपळ पोरगा उभा होता. हेल्मेटच्या जाळीतून फक्त डोळे आणि ओठ दिसत. मी “सव्वीस” म्हणालो. त्याचे ओठ हलले आणि तो ओरडला, “रेश्ट्स!” म्हणजे उजवीकडे, आमच्या उजवीकडे. मी “पस्तीस” म्हणालो. ओठ हलले. “लिंक्स!”

हलणारे ओठ मी ओळखले. वीस, तीस पुटपुटताना असेच हलतात.

पुढच्या डावाला मी ओणवा झालो. सेनापतीनं टिचकी मारली. पण मी आकडा म्हणालोच नाही. मी अगदी साध्या आवाजात म्हणालो, “अरे, तुझी आई बघ काय करत्येय तिकडे.”

त्यानं मान फिरवून प्रेक्षकांकडे पाहिलं.

तेवढ्या क्षणात मी चेंडू मागे दिला, आमचा गडी त्याच्या शेजारून पळत गेला, आणि त्या सामन्यात आम्हाला पहिले गुण मिळाले. पोरगा कमरेवर हात ठेवून जर्मनमध्ये म्हणाला, “हे चीटिंग आहे!”

“मराठीत म्हण,” मी म्हणालो. तो पाठ फिरवून आपल्या जागेवर गेला.

मध्यंतरात मी प्रशिक्षकांना सांगितलं, त्यांच्यात एक मराठी आहे.

“त्याचं नाव, चेहरा, काही दिसलं?”

“नाही. पण आई म्हटल्यावर त्यानं वळून पाहिलं.”

 जगातला कुठलाही संघ असल्या पुराव्यावर चालत नाही. “आई म्हटल्यावर तर मीही बघीन,” ते म्हणाले.

“पण मी मराठीत म्हटलं होतं.”

“आणि मग? त्याला मराठी येतं. आता काय करायचं?”

इथे मला पहिल्यांदाच काहीतरी सुचलं. त्याचे ओठ शेपटावर हलत होते. इथे वाढलेली आपली मुलं मराठी समजतात आणि उत्तर जर्मनमध्ये देतात, हे मी ऐकून होतो. वीस-तीस त्याला कळत असेल. पण एकोणतीस? ते तर माझ्या पुण्यातल्या इंग्रजी शाळेतल्या भाच्यालाही कळत नाही.

“ल्यूगनत्सालेन,” मी म्हणालो.

खोलीत कण्हल्यासारखा आवाज झाला. मी घाईनं सांगितलं, सोपं आहे, सुरुवातीला ‘एकोण’ ऐकलं की शेपटाच्या उलट पळा. सेनापती म्हणाला, “एकोण, उलट.” मग सगळे म्हणाले.

प्रशिक्षक उघड्या तोंडानं म्हणाले, “एक डाव. चुकलास तर हेल्मेट बाकावर.”

मी ओणवा झालो. समोर तो पोरगा, आता जरा सावध. उजव्या कमरेवर टिचकी.

“एकोणतीस!”

ओठ हलले. तीस. “लिंक्स!” तो ओरडला, आणि त्यांची फळी आमच्या डावीकडे धावली. आमची अख्खी रांग उजवीकडून मोकळ्या मैदानात शिरली.

पुढच्या डावाला, “एकोणचाळीस!” ते उजवीकडे, आम्ही डावीकडे. मग मी मध्येच खरा “चोवीस” टाकला. आता पोरगा आमच्या चोवीसवरही विश्वास ठेवेना. तो बोटांवर मोजायला लागला आणि तोवर चेंडू निघून गेला. शेवटी हेल्मेट मागे ढकलून तो सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडला, “काका, तीस म्हणजे तीस ना!”

काका! माझं वय तेव्हा एकोणतीस होतं. पण तक्रार करायला सवड मिळाली नाही, कारण प्रेक्षकांत एक बाई ताडकन उभ्या राहिल्या होत्या आणि टाळ्या वाजवत होत्या. आमच्या बाजूनं गुण झाले नव्हते, त्यांच्याही नाही. पंच बिचारे शिट्टी तोंडात धरून इकडेतिकडे बघत राहिले.

सामना आम्ही जिंकलो, थोडक्यात. बाई डबा घेऊन थेट मैदानात आल्या.

“अहो, तुम्ही पुण्याचे का? हा बोलला, ऐकलंत ना? घरी मी मराठीत विचारते आणि हा जर्मनमध्ये ‘या, या’, हो हो, करतो. मला वाटायचं याला काही कळतच नाही!”

“आई!” तो जर्मन उच्चारात कळवळला.

“तू गप्प बस. एकोणतीस येत नाही म्हणे! घ्या हो, खोबऱ्याची वडी. आणि पुढच्या वेळी जरा पावकी-निमकी विचारा याला.”

वडी तोंडात घालून मी हसत होतो, तेव्हा पाठीमागे लक्ष गेलं. प्रशिक्षक उभे होते. त्यांच्या नजरेनं पाहिलं तर चित्र असं: ज्याच्यावर फितुरीचा संशय होता तो माणूस शत्रूच्या आईच्या हातचं खात होता, आणि तिघं मिळून अशा भाषेत बोलत होते जी मैदानावर फक्त एकाला येते म्हणून आम्ही निवडली होती.

“काय म्हणाली ती?” त्यांनी विचारलं.

“सामना चांगला झाला म्हणाली.”

“एवढंच? फार वेळ बोलली.”

त्यांनी माझं हेल्मेट गवतावरून उचललं. मला वाटलं, चाललं बाकावर. पण त्यांनी ते माझ्या हातात दिलं, दोन पावलं जवळ आले, टोपी काढून तोंडासमोर धरली आणि बराच वेळ हलक्या आवाजात काहीतरी सांगितलं.

टोपीमुळे मला एक अक्षर कळलं नाही. मी मान डोलावून म्हणालो, “गेनाऊ.” आपण तेव्हा कशाला होकार दिला, हा संशय मला अजून आहे.