तीनदा पाहिलेली उडी

चि. रेवा आणि चि. ओम,

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही, शाळेतल्या मैत्रिणींना नाही, आणि तुमच्या बाबांना तर मुळीच नाही. मागच्या आठवड्यात रेवानं फोनवर विचारलं, "आजी, आबांमुळे बाबा पोलीस झाले नाहीत, हे खरं आहे का?" मी म्हणाले, खूप जुनी गोष्ट आहे ती — आणि लगेच तुमच्याकडे थंडी पडली का, ते विचारलं. फोन ठेवल्यावर मला माझीच लाज वाटली. सत्तरी ओलांडलेली बाई, आणि अजून विषय बदलते? म्हणून आज जेवणानंतर टेबल पुसलं, कागद सरळ लावले आणि लिहायला बसले.

आधी सोपं सांगते. मला मारामारीचे सिनेमे आवडतात.

हसू नका. किंवा हसा — पण मग पुढचंही वाचा. मी जालन्यात मुलींच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. पालकसभेत मुलांनी काय पाहावं यावर भाषण असलं की ते माझ्याकडेच यायचं. पडद्यावरची हिंसा कोवळ्या मनावर काय परिणाम करते, हे मी इतक्या गंभीरपणे सांगायचे की समोरच्या आया घाबरून जायच्या. आणि घरी? घरी मी रविवारची वाट पाहायचे. नायिका खिडकीशी उभी राहून रडते असल्या सिनेमांत मला डुलकी यायची. पण एक माणूस चौघांसमोर उभा राहतो, बाह्या सारतो, आणि पहिला ठोसा कोण मारणार ते अजून ठरलेलं नसतं — त्या क्षणी माझी पाठ आपोआप ताठ व्हायची. का, ते विचारू नका. मलाच नीट माहीत नाही.

त्या काळी शाळेतल्या बाईनं व्हिडिओच्या दुकानात जाऊन कॅसेट मागणं शक्य नव्हतं. निदान मला तसं वाटायचं. तेव्हा कॅसेट तुमचे आबा आणायचे. ते पशुधन पर्यवेक्षक होते, वडीगोद्रीपासून वाटूरपर्यंत गायी-म्हशींची दुखणी बघत फिरायचे, आणि लोक त्यांना डॉक्टर म्हणायचे. मी चिठ्ठीवर सिनेमाचं नाव लिहून द्यायचे, ते ती दुकानदाराला दाखवायचे. दुकानदार म्हणायचा, "डॉक्टर, तुमचा शौक लई भारी हाय बरं." आबा नुसतं हसायचे. घरी येऊन मला तेवढं वाक्य त्याच्याच आवाजात करून दाखवायचे.

त्यांना स्वतःला हे सिनेमे बिलकुल आवडत नव्हते. अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारा हा माणूस, पडद्यावर कुणाच्या नाकातून रक्त आलं की डोळे मिटून घ्यायचा. ओमला आठवत असेल. "आबा झोपले, आबा झोपले," म्हणून तू ओरडायचास. ते झोपलेले नसायचे रे.

तुमची सकाळ आणि आमची संध्याकाळ, असा आपला शनिवार ठरलेला होता. तिकडे तुम्ही सिनेमा लावायचा, इकडे आम्ही, आणि मधे व्हिडिओचा फोन. संपल्यावर तुम्ही विचारायचात, "आबा, दहापैकी किती?" आबा म्हणायचे, "थांबा, इचार करून राह्यलो." आणि फोनबाहेर बघायचे. तिथं मी बसलेली असायचे. मी बोटं दाखवायचे, सहा, कधी साडेसहा — अर्ध्यासाठी बोट मुडपायचे.

तुम्ही ज्यांना आबांचे नियम म्हणता ते सगळे माझे आहेत. मारामारी कुठं चालली आहे ते कळलं पाहिजे. दार कुठं, जिना कुठं, कोण कुणाच्या मागं. कॅमेरा नुसता हलवून गोंधळ उडवणं म्हणजे उत्तर येत नसलेल्या पोरानं अक्षर गिचमिड काढणं. गुंडांनी वही तपासून घ्यायला आल्यासारखं एकेक करून पुढं येऊ नये. दहा जण आहात ना, मग एकदम या. नायक दमला पाहिजे. ठोसा मारल्यावर त्याची स्वतःची मूठ दुखली पाहिजे. खलनायक मूर्ख असेल तर त्याला हरवण्यात काय मोठेपणा? हल्लीच्या सिनेमांत मोटारी पतंगासारख्या उडतात, त्यांना वजनच नसतं — आणि ज्याला वजन नाही त्याची भीती कशी वाटणार? सगळंच संथ गतीनं दाखवणं म्हणजे पूर्ण पान लाल शाईनं अधोरेखित करणं. आणि जग वाचवायला निघालेला नायक मला कंटाळा आणतो. भावाला सोडवून आणायला निघालेला माणूस मी तीन तास पाहू शकते.

राहिला पहिला नियम, ज्यावरून रेवा आबांशी नेहमी भांडायची. पडणाऱ्याला लागलं पाहिजे. उंचावरून पडून जो कपडे झटकत उठतो, त्याच्या सिनेमाचे दोन गुण कापायचे, मग बाकी सिनेमा कितीही चांगला असो. "पण का, आबा?" रेवा विचारायची. आबा म्हणायचे, "नियम म्हंजी नियम." मी त्या वेळी बोटं दाखवायचे नाही. मी चहा ठेवायला उठायचे.

तुमचे बाबा नऊ वर्षांचे होते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे कुंभार पिंपळगावला, आबांच्या घरी गेलो होतो. घरात टीव्ही होता, व्हीसीआर नव्हता. मला सुट्टीभर सिनेमा नाही ही कल्पना सहन होईना. जालन्याहून आबांनी व्हीसीआर भाड्यानं घेतला, शालीत गुंडाळला आणि एसटीत मांडीवर धरून आणला. सोबत एक कॅसेट. चिठ्ठी अर्थातच माझी होती.

दुपारी सगळं घर टीव्हीसमोर बसलं. सासूबाई — आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो — खांबाला टेकून पेंगत होत्या. मी सगळ्यांच्या मागं, मांडीवर सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, हातात लाल पेन. दिवाळीत शिक्षिकेच्या मांडीवर पेपर असतातच, कुणाला काही वाटायचं नाही. मी सिनेमा बघते हे फक्त आबांना माहीत होतं. आमची खूण ठरलेली होती: एखादा प्रसंग पुन्हा पाहायचा असला की मी पेनानं गठ्ठ्यावर दोनदा टकटक करायचे. मग आबा म्हणायचे, "मागं घेतो जरा, मजा आली," आणि कॅसेट मागं घ्यायचे.

त्या सिनेमात नायक गढीच्या तटावरून खाली गवताच्या गंजीवर उडी मारतो. फार सुंदर उडी होती ती. खोटं कशाला बोलू? आजही डोळ्यांसमोर आहे. संगीत थांबतं, वाऱ्यानं सदरा फुगतो, आणि तो खाली येतो. आणि उठून चालायला लागतो.

मी टकटक केली. आबांनी मागं घेतलं. तुमचे बाबा तोंड उघडं टाकून टीव्हीला चिकटले होते. मी पुन्हा टकटक केली.

आबा मागं वळले आणि हळूच म्हणाले, "मास्तरीणबाई, बंद करू का? पोरगं डोळे फाडून पाहून राह्यलंय." लग्नानंतर महिन्याभरातच त्यांनी मला हे नाव ठेवलं होतं आणि 'तू' म्हणणं सोडलं होतं, आधी चेष्टेनं, मग सवयीनं.

मी पेपरवरून मान वर न करता म्हणाले, "राहू द्या. एकदा अजून."

तीनदा पाहिली ती उडी. तिसऱ्यांदा पाहताना तुमच्या बाबांनी आबांचा गुडघा घट्ट धरला होता आणि आबा त्यांच्याकडे बघून हसले. ते हसू तुमच्या बाबांच्या लक्षात राहिलं. मागून आलेला आवाज नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचे बाबा धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, चढले. अंगणात वेचलेल्या कापसाचा ढीग होता. त्यांनी उडी मारली ती बरोबर ढिगावरच, पण कडेला. कापूस सरकला आणि ते फरशीवर आदळले. डावा कोपर. मी धावत गेले तेव्हा ते रडतही नव्हते, नुसते हाताकडे बघत होते, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

जीप येईपर्यंत अंगणात सगळी भावकी गोळा झाली. आत्याबाई कपाळावर हात मारत म्हणाल्या, "कुनी आणलं ते डबडं घरात? कुनाला सुचलं हे?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हणाले — हे लिहायला मला इतकी वर्षं लागली — मी म्हणाले, "यांनीच आणलं. मी तर पेपर तपासत होते."

बघा, यातला एकेक शब्द खरा आहे. त्यांनीच आणला होता. माझ्या मांडीवर पेपर होते. त्या दुपारी मी एकही पेपर तपासला नव्हता, ते फक्त मला ठाऊक. व्याकरणात बसणारं, नीटनेटकं, खोटं वाक्य.

"मीच आणलं, आई," आबा म्हणाले. "चुकलंच माझं."

"बापाला अक्कल न्हाई मंग लेकराला कुठून येणार?" आत्याबाई सगळ्यांसमोर बोलल्या. आबा ते ऐकून घेत लेकराचा हात स्वतःच्या हातावर तोलून धरून उभे होते.

जालन्याला परत आल्यावर मी आबांना म्हणाले, मी आत्याबाईंना खरं सांगून टाकते. ते म्हणाले, "जाऊ द्या. तुम्हाला शाळंत पोरींसमोर उभं राह्यचंय. माझ्या म्हशींना काय फरक पडतो?" मी लगेच गप्प झाले. फार लवकर गप्प झाले. त्यांनी नको म्हणावं याचीच वाट पाहत होते का? होय, पाहत होते.

हाड जुळलं, पण कोपर पुरता सरळ झाला नाही. लिहिण्या-खेळण्यात काही अडलं नाही, आम्ही विसरूनही गेलो. पण तुमच्या बाबांना फौजदार व्हायचं होतं. दहावीपासून ते पहाटे धावायला जायचे. लेखी परीक्षा झाली, मैदानी झाली, आणि वैद्यकीय तपासणीत हात पुढं करायला सांगितलं.

त्या दिवशी घरी आल्यावर ते दारातच उभे राहिले. आबा खुर्चीत होते, मी पलीकडे धुतलेले कपडे घड्या करत होते. "तीन-तीनदा दाखवली होती तुम्ही मला ती उडी," ते आबांना म्हणाले. "हसत होतात."

आबांनी मान खाली घातली. त्यांनी माझ्याकडे चुकूनही पाहिलं नाही. आज मला कळतं, ते जाणूनबुजून पाहत नव्हते. नजर वळली असती तर लेकानंही माझ्याकडे पाहिलं असतं. आणि मी काय केलं? हातातल्या टॉवेलची घडी पूर्ण केली. कडेला कड जुळवून.

पुढे तुमचे बाबा शिकले, परदेशी गेले, त्यांचं चांगलं झालं. पण त्या दिवसानंतर बापलेकांत बोलणं उरलं ते तब्येतीचं आणि पावसाचं. फोन आला की आबा दोन मिनिटांत माझ्याकडे द्यायचे: "घ्या, तुमच्याशी बोलायचंय त्याला." त्याला काही माझ्याशीच बोलायचं नसायचं. आबांना पुढं काय बोलावं ते सुचायचं नाही. वीस वर्षं मी तो फोन घेतला. तुम्ही दोघं आलात, शनिवार सुरू झाले, तेव्हा मात्र ते दोन-दोन तास बोलायचे. दुपारपासून केस विंचरून तयार असायचे.

ते गेले तेव्हा भेटायला आलेल्या माणसांत बसून तुमचे बाबा म्हणाले, "आबांना दोनच गोष्टी. म्हशी आणि मारामारीचे पिक्चर." प्रेमानंच म्हणाले. सगळे हसले. मीही हसले. ते शेवटचं खोटं.

तुम्हाला मराठी अजून अडखळत वाचता येतं. म्हणजे हे पत्र तुम्हाला तुमचे बाबाच वाचून दाखवतील, हे लिहायला बसतानाच मला माहीत होतं. त्यांना सरळ लिहायचा धीर मला झाला नाही, म्हणून तुमच्या नावानं लिहिलं. हीदेखील माझीच रीत. तर विवेक, वाचता वाचता इथं आला असशील तर ऐक. टकटक माझी होती. ते बंद करू का म्हणाले होते. मी नको म्हणाले.

यावर उत्तर पाठवू नका. फोनवरही काही बोलायला हवं असं नाही.

काल दुपारी टीव्हीवर एक सिनेमा लागला होता. मी दार उघडंच ठेवलं होतं आणि आवाजही मोठा होता. शेजारच्या सूनबाई वाटी परत द्यायला आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. "बाई, तुम्ही असलं बघता?" मी म्हणाले, "हो, पहिल्यापासून. डॉक्टरांना नव्हतं आवडत." त्या जराशा बसल्या, मग गेल्या. सिनेमा सुमार होता. मी शेवटपर्यंत पाहिला. ती आवड अजून तशीच आहे.

— आजी