अल खोरच्या धक्क्यावरचं हळदीकुंकू

दुसऱ्यांच्या संसारात नाक खुपसायची मला सवय आहे आणि तिची मला लाज वाटत नाही. माणसं काय करतात त्यापेक्षा का करतात, हे कळल्याशिवाय मला जेवण जात नाही. विभावरीवहिनींनी बोटीचं सुकाणू हातात का घेतलं, ते सगळ्यांच्या आधी मला कळलं ते याच सवयीमुळे.

वहिनी नाशिकच्या. नवरा राजाभाऊ गॅस कंपनीत इंजिनीअर. मी त्यांचा वरच्या मजल्यावरचा शेजारी, एका स्टेडियमच्या बांधकामावर कागद सांभाळणारा. वर्ल्ड कपला अजून अवकाश होता, पण कतारनं दोहा आत्तापासूनच उकरून ठेवलं होतं. काल सरळ जाणारा रस्ता आज डावीकडे वळलेला असायचा. सूक वाकिफच्या बाजाराला म्हणून निघावं आणि मुशैरिबच्या खड्ड्यांना प्रदक्षिणा घालून घरी परत यावं, असे दिवस होते. राजाभाऊंनी जुनी मोटरबोट घेतली ती या वैतागानंच. "समुद्रावर तरी डायव्हर्जन नसतं," म्हणाले. नाशिकच्या माणसानं बोटीचं नाव काय ठेवावं? गोदा.

थंडीच्या दिवसांत दर शुक्रवारी द पर्लच्या मरीनातून सहा-सात बोटी बरोबर निघायच्या. कधी दक्षिणेला वक्रा, कधी उत्तरेला अल खोर. या ताफ्याचा नियम एकच होता. सगळ्यांत मंद बोट पुढे, आणि तिला कुणी ओलांडायचं नाही. म्हणजे एकटं कुणी मागे राहत नाही. गोदा सगळ्यांत मंद. त्यामुळे राजाभाऊ आपोआप म्होरके झाले, आणि काही महिन्यांतच आपण कर्तबगारीनं म्होरके झालो आहोत असं त्यांना वाटायला लागलं.

वहिनी मागच्या बाकावर डबे सांभाळत बसायच्या. पण बोट धक्क्याला लागली की त्या सगळ्यांच्या आधी खाली. स्वतः शुद्ध शाकाहारी. तरी मासळीच्या टोपल्यांपुढे उकिडवं बसून कोळ्यांना विचारायच्या, "भैया, इस मछली का नाम क्या? इसमें इमली डालते हैं क्या?" हमूर कुठला, सफी कुठली, कुणाला काटे जास्त, हे त्यांना तोंडपाठ. मी एकदा म्हटलं, "वहिनी, खायचं नाही तर विचारता कशाला?" तर म्हणाल्या, "भावजी, लग्नाला जाता तेव्हा नवरी तुम्हाला करायची असते का?"

त्यांना एक ध्यास होता, रुवैस. देशाच्या पार उत्तर टोकाचं छोटं बंदर. तिथे किनारा संपतो म्हणे, पुढे नुसतं पाणी. गाडीनं तासा-दीड तासात जाता येतं. पण वहिनींना ते टोक समुद्राकडून बघायचं होतं. का, तर गाडीनं गेल्यावर रस्ता संपतो, किनारा संपलेला कळत नाही. राजाभाऊ दर वर्षी "पुढच्या वर्षी" म्हणायचे.

मग राजाभाऊंची बायपास झाली. डॉक्टरांनी सुकाणू धरायला मनाई केली. बोट विकायची ठरली, ताफ्यातल्या इलियासभाईंनी गिऱ्हाईकही बघितलं. त्या संध्याकाळी मी चहाला राजाभाऊंकडेच होतो. उठून जायला हवं होतं, पण गेलो नाही. वहिनींनी कपाटातून एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं. बोट चालवायचं लायसन! त्यांच्या नावाचं. राजाभाऊंचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"अहो, मला एकदा रुवैसला जाऊन येऊ द्या," वहिनी म्हणाल्या. "जाताना-येताना सुकाणू माझ्याकडे. दुसऱ्या कुणाचा हात लागला तर बोट खुशाल विका. नाही लागला तर आपण इथे आहोत तोवर ती माझी."

"तुला पोहता येत नाही, विभा."

"तुम्हाला तरी कुठे येतं?"

खरंच येत नव्हतं. राजाभाऊंनी पैज मान्य केली, पण ती वहिनी हरणार या भरवशावर.

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी आम्ही निघालो. गोदा पुढे, सुकाणूला वहिनी, शेजारी राजाभाऊ हाताची घडी घालून, मागे मी. लुसैलच्या क्रेन डावीकडून हळूहळू मागे सरकल्या. बोट छान चालली होती. मला वहिनींचा मनापासून अभिमान वाटत होता आणि राजाभाऊंना जांभया येत होत्या.

घात केला तो वाटेतल्या अल खोरनं. तिथल्या कॉलनीत गॅस कंपनीतली बरीच मराठी कुटुंबं राहतात. त्यांतल्या नमितानं वहिनींना हळदीकुंकवाला बोलावलं होतं. वहिनी म्हणाल्या होत्या, घरी यायला वेळ नाही, धक्क्यावरच ये, दहा मिनिटांत उरकू. त्यासाठी त्या मुद्दाम साडी नेसून आल्या होत्या. आता सांगा, दहा मिनिटांत उरकलेलं हळदीकुंकू कुणी पाहिलंय? धक्क्यावर बायकांची ही रांग. अत्तर, गुलाबदाणी, तिळगूळ, ओटी, वाण म्हणून चहाच्या गाळण्या. इलियासभाईंच्या सुगराभाभींनी कुंकू नको म्हणून दोनदा अत्तर लावून घेतलं. मग कुणीतरी म्हणालं, कॅप्टनबाईंनी नाव घ्यायलाच हवं. वहिनींनी घेतलं:

"अल खोरच्या धक्क्याला बोटी लागल्या सात,
राजाभाऊंच्या गोदेचं सुकाणू माझ्या हातात!"

टाळ्या पडल्या. मग प्रत्येकीला नाव घ्यायचं होतं. मग "येते हं" झालं. ते झाल्यावर बायका खऱ्या बोलायला लागल्या. मी चारदा "यल्ला, चला वहिनी!" म्हणून ओरडलो. पाचव्यांदा ओरडणार तोच माझं लक्ष धक्क्याच्या भिंतीकडे गेलं. सकाळी पाण्याखाली असलेलं शेवाळ उघडं पडलं होतं. आम्ही तिळगूळ खात होतो आणि खाडीतलं पाणी निघून चाललं होतं.

घाईघाईनं निघालो, पण बाहेर पडायच्या वाटेवर गोदा खर्रकन वाळूला घासली. वहिनींनी लगेच मागे घेतली, सुटली. मागे सहा बोटी थांबल्या. नियम म्हणजे नियम, ओलांडून कुणी पुढे येईना. आणि आले असते तरी तेही रुतलेच असते.

"भाभी, भरती तक रुकते हैं," इलियासभाई ओरडले. "फिर सीधा दोहा. रुवैस खलास."

"दे इकडे," राजाभाऊंनी हात पुढे केला. "मी काढतो."

"तुम्हाला तळ दिसतोय?"

गढूळलेल्या पाण्यात तळ कुणालाच दिसत नव्हता. वहिनी पाण्याकडे बघत राहिल्या. भीती वाटली की माणूस नजर काढून घेतो. या बाई मासळीच्या टोपलीत बघावं तशा बघत होत्या.

"दिसत नाही तर पायानं बघू," त्या म्हणाल्या.

साडीचा काष्टा मारला. अंगात लाईफ जॅकेट होतंच. बोटीच्या टोकाची दोरी कमरेला बांधली. उतरण्याआधी क्षणभर थांबून त्यांनी सुकाणूकडे पाहिलं. मी सुकाणूला हात लावला काय की राजाभाऊंनी लावला काय, पैज जाणारच होती. ते त्यांना कळत होतं आणि मलाही. पण मागे सहा बोटी भरून माणसं भरतीपर्यंत अडकणार, आणि त्यांना इथवर आणलेलं गोदेनं.

"धरा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मी चालेन तशी हळू आणा."

आणि उतरल्या.

पाणी कमरेच्या वर लागलं की त्या तिथून पुढे जायच्या, मांडीपर्यंत आलं की बाजूला सरकायच्या. मागून गोदा, आणि गोदेमागे एकामागोमाग एक सगळा ताफा. राजाभाऊ पुटपुटत होते, "डावीकडे जाऊ नको, विभा, डावीकडे नको." इतक्या हळू पुटपुटत होते की ते वहिनींना ऐकू जाणं शक्य नव्हतं. मला ते ऐकवेना.

शेवटची वाळू ओलांडली आणि वहिनी एकदम दिसेनाशा झाल्या. तळच संपला होता. राजाभाऊ किंचाळले. मी दोरी ओढली. जॅकेटनं त्यांना वर आणलंच होतं. आम्ही आत घेतलं तेव्हा नाकातोंडातून खारं पाणी येत होतं आणि त्या हसत होत्या.

"खोल आहे हो!" म्हणाल्या. "एकदम खोल!"

हसू ओसरल्यावर त्या गुपचूप मागच्या बाकावर, डब्यांपाशी जाऊन बसल्या. साडी पिळत म्हणाल्या, "माझी पैज गेली. आता तुम्हीच न्या. कुठे न्यायची तिकडे."

राजाभाऊ सुकाणूला हात लावून उभे होते. मागून इलियासभाईंनी भोंगा दिला.

"ऑपरेशनच्या दिवशी मला आत नेलं तेव्हा तू बाहेर होतीस," राजाभाऊ म्हणाले. "बाहेर उभं राहणं म्हणजे काय असतं, ते आज मला कळलं. फार घाबरलो गं मी."

वहिनी साडी पिळायच्या थांबल्या.

"ऊठ. मागे लोक खोळंबलेत."

"पण पैज..."

"पैज तुझी नि माझी. ती मी मोडतो. नियम ताफ्याचा, तो मला मोडता येत नाही. गोदेनंच पुढे राहायचं, आणि पुढच्या बोटीला म्होरक्या लागतो. तो आता तू." मग मागे वळून, दोन्ही हात तोंडाशी धरून ते ओरडले, "इलियास! उस गिऱ्हाईक को बोलो, बोट बिकाऊ नहीं है!"

घाईत गिऱ्हाईक मराठीच राहिलं. इलियासभाईंना काय कळायचं ते कळलं, कारण भोंगे वाजायला लागले. मग राजाभाऊंनी सुकाणू सोडलं आणि ते मागच्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदाच ते त्या बाकावर बसले असतील. वहिनी ओल्या साडीनं सुकाणूपाशी गेल्या आणि त्यांनी गोदा उत्तरेकडे वळवली.