वर्गातला सर्वांत ढ पोलीस

समजलेली गोष्ट न समजल्याचं सोंग माझ्या साडूंइतकं मन लावून करणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात सापडणार नाही, आणि हे मी अभिमानाने सांगतो. पोलिसांना शिकवणारे पोलीस तयार करणं, हे त्यांचं काम. शिकाऊ मास्तर फळ्यापाशी उभा राहिला की हे मागच्या बाकावर जाऊन बसायचे, तोंड अर्धवट उघडं ठेवायचे आणि धडा ऐन रंगात आला की हात वर करायचे, "मले नाई समजलं, सर." पुन्हा सांगितलं, तरी नाही. मास्तराला घाम फुटेपर्यंत नाही. एकदा नव्याने आलेले एक साहेब वर्गात डोकावले आणि या ढ गड्याला त्यांनी मैदानाला चक्कर मारायला पाठवलं. साडूंनी मिशीसकट, पोटासकट चक्कर मारली, बाकावर परत येऊन बसले आणि धापा टाकत पुन्हा हात वर केला. खरा प्रकार कळल्यावर साहेबांनी त्यांच्यासाठी चहा मागवला.

घरीही तेच. मलकापूरला आले की माझ्या कापडाच्या दुकानात बसून सुती आणि टेरिकॉट ओळखायचं कसं ते मलाच विचारणार, आणि मी तोंडाने सांगायला लागलो की डोळे बारीक करणार. माझ्या बायकोला एकदा भाकरी थापायची कशी म्हणून विचारलं. ती बिचारी चूल सोडून हातवारे करत बसली, आणि शेवटी वैतागून तिने पिठाचा गोळाच त्यांच्या हातावर आदळला. "हाव! आता शिकवलं तू," म्हणाले, आणि आपली वेडीवाकडी भाकरी कौतुकाने खाल्ली.

यंदा ते निवृत्त व्हायला आले. त्यांच्यामागे वर्ग घ्यायला कोणी तयार नसेल तर तो बंद करावा, असं वरून ठरलं. साडूंचा जीव त्यातच अडकलेला. त्यांनी नाव सुचवलं ते उंद्रीकडच्या एका महिला हवालदाराचं. कामात पोरगी वाघीण, पण वर्गाचे डोळे तिच्यावर रोखले गेले की तिचा आवाजच बसायचा. एकदा तर धडा अर्धवट टाकून ती निघून गेली होती. दुसरं कोणी पाहा ना, मी म्हणालो.

"काऊन? जिले सोताले भेव वाटते, तिलेच समोरच्याचं भेव दिसते," ते म्हणाले.

तिच्या परीक्षेच्या धड्याला त्यांनी मलाही नेऊन बसवलं. म्हणे, "दुकानदाराले समजलं तं पोलिसाले समजीनच." खून झालेली जागा जशीच्या तशी कशी राखायची, हा विषय. समोर अधिकारी बसलेले. पोरीने सुरुवात केली, अडखळली, टोपी सारखी केली, पुन्हा अडखळली. आणि साडूंचा हात वर! आज तरी या माणसाने गप्प बसावं, असं मला मनापासून वाटलं.

"मॅडम, मले नाई समजलं. लोकायले काऊन आवरायचं?"

 पोरगी फळा सोडून थेट त्यांच्यापाशी आली. "सर, उठा. इथं मधात झोपा. आता तुम्ही मयत."

साडू फरशीवर आडवे झाले आणि पडल्या पडल्या त्यांनी पुन्हा हात वर केला.

"मयत बोलत नसते!" ती कडाडली.

वर्ग हसून लोळला, अधिकारीही हसले, आणि तिचा आवाज जो मोकळा झाला तो शेवटपर्यंत. तिने भोवती दोरी बांधली, मलाच बघ्यांची गर्दी केलं, आणि मी दोरीच्या आत पाय टाकताच पुरावा पुसला म्हणून सगळ्यांदेखत झापलं. तास संपेपर्यंत साडू डोळे मिटून पडून होते. अधिकाऱ्यांनी तिथल्या तिथे वर्ग तिच्याकडे सोपवला, तेव्हा अभिमानाने माझीच छाती फुगली, जणू मीच शिकवलं होतं तिला!

बाहेर आल्यावर मी चिडवलं, "झोप लागली होती ना?"

"नाई भाऊ," पाठीवरची धूळ झटकत ते म्हणाले. "डोये मिटून आयकून राह्यलो होतो. माह्याबिना वर्ग चालून राह्यला होता. लय बरं वाटलं."

मग ते मोटारसायकलवर माझ्या मागे बसले. वाटेतलं मोताळा गाव येईपर्यंत त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता.