गणपतची बायको

कॉलेजच्या ग्रंथालयात डांबरगोळ्यांचा वास आला की मला शहात्तर सालची तहसील कचेरीतली दुपार आठवते. मॅट्रिकनंतर जातीच्या दाखल्यासाठी बाबांच्या जन्माची नोंद हवी होती, म्हणून आम्ही दोघं हिंगणीहून गेलो होतो. तिथल्या कारकून बाबूंनी कोतवाल बुक उघडलं आणि हाच वास आला. गावातले जन्म-मृत्यू त्यात लिहिलेले असत.

नोंद सापडली, "गणपत यास मुलगा १." पुढच्याच पानावर माझ्या आजीचा मृत्यू होता, "गणपतची बायको, ज्वर."

"बाबा, आजीचं नाव काय होतं?"

"मले कसं माहीत राहीन? मी पाळण्यात होतो. माहा बुढा तिले 'अवो' म्हणे, इतकंच आयकलं."

नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. दुसऱ्या कुठल्या कागदात ते असेल का, असं मी भीतभीत बाबूंना विचारलं.

ते हसले. "पोरी, बायकोचं नाव कोण लिवते? तुले दाखला पाह्यजे का आजी?"

बाबाही हसले. मान खाली घालून मीही हसले, आणि त्या हसण्याचा मला अजून राग येतो. तिच्या तापाचं नाव लिहून घेणाऱ्याला तिचं नाव विचारावंसं वाटलं नव्हतं.

परवा ग्रंथालयाच्या वहीत मी नाव लिहीत होते. शिपाईकाका म्हणाले, "अवो, नुसतं आडनाव लिव ना, मागं लाइन लागून राह्यली."

मी पूर्ण नाव लिहिलं. सावकाश.